लोखंडी रस्ते आणि गोद्या : धोका कोणाचा, नफा कोणाचा ?

रेल्वे व बंदरें सरकारनें बांधावीं कीं कंपन्यांनीं बांधावीं, हा वाद या देशांत पावणेदोनशें वर्षें चालू आहे. मध्यंतरीं कांहीं काळ तो मिटल्यासारखा वाटला. परंतु पालघर जिल्ह्यांत वाढवण येथें जें प्रचंड बंदर व्हावयाचें आहे, त्याच्या निमित्तानें तो पुन्हां उभा राहिला आहे. जून २०२४ मध्यें केंद्र सरकारनें ७६,२२० कोटी रुपयांच्या या कामास मंजुरी दिली. त्यांत जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा ७४ टक्के व महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के भाग. मूळ बांधकाम सार्वजनिक संस्थेचें, आणि टर्मिनलें मात्र सरकारी-खाजगी भागीदारीचीं, अशी योजना आहे. एक पक्ष म्हणतो, सरकारच्या हातीं काम गेलें कीं तें रखडतें. दुसरा म्हणतो, कंपनीच्या हातीं गेलें कीं रयत नागवली जाते. दोन्ही पक्षांस उदाहरणांची वाण नाहीं. आमच्या मतें मात्र दोघांचाही मूळ प्रश्नच चुकला आहे. बांधणारा हात कोणाचा, ही गोष्ट दुय्यम होय. बुडाल्यास कोणाचें बुडणार, मिळाल्यास कोणास मिळणार, आणि हिशेब कोणापुढें मांडला जाणार, हीच मुख्य गोष्ट. हें आम्ही नुसत्या तर्कानें म्हणत नाहीं. जुन्या मुंबई इलाख्यांतील व देशांतील करारांचा अनुभवच तसा आहे.

आरंभ आपल्या दाराशींच झाला. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, हें शाळेंतील मुलासही ठाऊक असतें. पण ती गाडी ज्या करारावर चालली तो करार फारच थोड्यांस ठाऊक असतो. नाना शंकरशेट व सर जमशेटजी जिजीभाई यांच्यासारख्या मुंबईच्या धुरीणांनीं या कार्यास पाठबळ दिलें होतें. तथापि १८४९ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीनें ईस्ट इंडिया कंपनीशीं जो करार केला, तो विलायतेंत झाला. आणि भांडवलही बहुतेक सर्व विलायतेंतूनच आलें. या करारांचें स्वरूप असें : जमीन सरकारनें ९९ वर्षांच्या मुदतीनें फुकट द्यावयाची, कंपनीनें जें भांडवल सरकारांत भरलें त्यावर भरल्या दिवसापासून दरसाल पांच टक्के व्याजाची हमी सरकारनें घ्यावयाची, गाडीच्या उत्पन्नांतून पांच टक्के न निघाल्यास तूट सरकारनें भरावयाची, वर उरल्यास त्यांत सरकारचा अर्धा वांटा. हुंडणावळीचा भाव एका रुपयास एक शिलिंग दहा पेन्स असा बांधून टाकलेला. धंदा नकोसा झाला तर सहा महिन्यांची नोटीस देऊन लाईन सरकारच्या गळ्यांत घालावी व आपलें भांडवल परत घ्यावें, ही सवलत कंपनीस. उलट, सरकारास लाईन विकत घ्यावयाची असल्यास पंचवीस किंवा पन्नास वर्षें थांबावें व शेअरांच्या मागील तीन वर्षांच्या सरासरी बाजारभावानें पैसे मोजावे, ही अट सरकारास.

कायद्याचा थोडा परिचय असलेल्या मनुष्यास हा दस्तऐवज वाचून एकच प्रश्न पडेल : यांत कंपनीनें नेमका कोणता धोका पत्करला ? व्यापार म्हणजे धोका पत्करून नफा मिळविणें. येथें नफ्याचा वांटा कंपनीस होता. धोका मात्र ज्या रयतेस कोणीं विचारलेंही नव्हतें तिच्या माथीं होता. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचा हा प्रकार; आणि त्यास नांव मात्र खाजगी साहसाचें !

वाचक बहुतेक व्यापारी आहेत, म्हणून हा व्यवहार आंकड्यांनींच सांगतों. समजा, एका लाईनीस दहा लाख रुपये लागले व खर्च वजा जातां तिचें उत्पन्न वीस हजार झालें. हमी पन्नास हजारांची. सबब तिजोरींतून तीस हजार द्यावे लागले. आतां तीच लाईन उधळपट्टीनें वीस लाखांत बांधली असें धरा. उत्पन्न तेंच वीस हजार. पण हमी आतां एक लाखाची, म्हणून तिजोरींतून ऐंशी हजार गेले. भागीदारास दोन्ही प्रसंगीं शेंकडा पांचच मिळाले. उलट दुसऱ्या प्रसंगीं दुप्पट रक्कम पांच टक्क्यांनीं निर्धोक गुंतली, हा त्याचा फायदाच ! जेथें काटकसर केल्यानें कांहीं मिळत नाहीं व उधळेपणानें कांहीं जात नाहीं, तेथें काटकसर कोण करील ? सरकारनें देखरेखीस कन्सल्टिंग एंजिनियर नेमले होते, परंतु त्यांच्या शेऱ्यांनीं खर्चाचा ओघ थांबला नाहीं. दर मैलास सुमारें आठ हजार पौंड लागतील असा आरंभींचा अंदाज होता; प्रत्यक्षांत सरासरी खर्च दुपटीच्याही वर गेला. १८७२ सालीं पार्लमेंटच्या समितीपुढें साक्ष देतांना हिंदुस्थान सरकारचे माजी अर्थमंत्री मॅसी यांनीं स्पष्टच सांगितलें कीं, व्याजाची हमी मिळाल्यावर आपला पैसा हुगळी नदींत फेकला गेला कीं विटाचुन्यांत पडला, याची विलायतेंतील धनकोस फिकीर उरली नव्हती. हें बोल कोणा चळवळ्याचे नव्हेत; ज्यानें या देशाचा खजिना संभाळला त्याचे आहेत.

भरपूर पैसा देऊन काम तरी चोख झालें काय ? बोरघाटाचें उदाहरण घ्या. १८५६ सालीं सुरू झालेलें तें काम १८६३ सालीं पुरें झालें. सुमारें पंधरासोळा मैलांच्या चढणींत पंचवीस बोगदे खोदून अठराशें फुटांवर गाडी चढविणें हा स्थापत्यकलेचा पराक्रम होता, याविषयीं वाद नाहीं. एके काळीं चाळीस हजारांवर मजूर तेथें राबत होते. पटकीनें व अपघातांनीं त्यांतील हजारों दगावले. मजुरीच्या तंट्यावरून १८५९ सालीं तेथें दंगा झाला. इतकें होऊन, लाईन सुरू झाल्याला चार वर्षें होतात न होतात तोंच, १८६७ च्या पावसाळ्यांत खंडाळ्याजवळचा एक मोठा पूल ढांसळला. चौकशी होतां या कंपनीच्या इतरही अनेक पुलांचें दगडकाम निकृष्ट असल्याचें उघडकीस आलें व तीं कामें पुन्हां करावीं लागलीं. म्हणजे काम महागही झालें व कच्चेंही झालें. कंपनीचा कारभार म्हणजे आपोआप चोख कारभार, असें मानणाऱ्यांनीं या घाटांतून जातांना त्या पुलाचें स्मरण करावें.

हा अनुभव पाहून खुद्द राज्यकर्त्यांचेच डोळे उघडले. व्हाइसरॉय सर जॉन लॉरेन्स यांनीं १८६९ सालीं असा मुद्दा मांडला कीं, तोटा सर्वस्वीं सरकारनेंच सोसावयाचा असेल तर नफाही सरकारच्याच पदरांत कां पडूं नये ? सरकारास कर्ज कंपनीपेक्षां हलक्या व्याजानें मिळतें. मग मधल्या दलालाचें प्रयोजन काय? लॉर्ड मेयो यांनीं तें धोरण पुढें चालविलें व सरकारी रेल्वे सुरू झाल्या. वऱ्हाडचा कापूस मोठ्या लाईनीवर आणणारे खामगांव व अमरावतीचे फांटे १८७०-७१ च्या सुमारास आणि धोंड-मनमाड लाईन १८७८ सालीं सरकारी पैशानें झाली. सरकारी लाईनींस दर मैलीं खर्च कमी आला. न्यायबुद्धीनें हेंही सांगितलें पाहिजे कीं, त्यांपैकीं पुष्कळ लाईनींचे रूळ मीटर मापाचे होते. त्यामुळें सगळेंच श्रेय सरकारी कारभारास देतां येत नाहीं.

परंतु हें धोरण टिकलें नाहीं. १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ व त्यामागोमाग अफगाण युद्ध यांनीं तिजोरीस ओढ लागली. १८८० च्या फॅमिन कमिशननें पांच हजार मैल रेल्वेची तातडीनें गरज असल्याचें सांगितलें, आणि विलायतेंतील स्टेट सेक्रेटरी पुन्हां कंपन्यांकडे वळले. १८८२ ची सदर्न मराठा रेल्वे व १८८७ ची बंगाल नागपूर रेल्वे या नव्या हमीच्या कंपन्या होत. मालकी सरकारची, व्याज पूर्वीपेक्षां कमी. पण हमी ती हमीच. जुन्या लाईनी सरकारनें मुदत भरतांच एकामागून एक विकत घेतल्या : ईस्ट इंडियन १८७९-८० सालीं, जी. आय. पी. १९०० सालीं, बी. बी. सी. आय. १९०५ सालीं. हमीमुळें ज्यांचा भाव चढला तेच शेअर त्याच चढ्या भावानें घ्यावे लागले. आणि इतकें करूनही कारभार कंपन्यांच्याच हातीं ठेवण्यांत आला. रमेशचंद्र दत्त यांनीं हिशेब मांडला होता कीं, १९०२ पर्यंत रेल्वेवर सुमारें साडेबावीस कोटी पौंड खर्च झाले व करदात्यांस सुमारें चार कोटी पौंडांचा तोटा आला. कालव्यांवर मात्र अवघे अडीच कोटींच्या आंत. ज्या देशांत पाऊस चुकला कीं माणसें मरतात, तेथें पाण्याच्या नवपट पैसा लोखंडावर !

तथापि येथेंच एक सावधगिरीची सूचना. लाईन सरकारी झाली म्हणजे ती लोकांची झाली, असा अर्थ तेव्हां होत नव्हता. कारण सरकारच लोकांचें नव्हतें. वायव्य सरहद्दीवरील डोंगरांतून सरकारनें लष्करी हेतूनें ज्या लाईनी नेल्या, त्यांचा बोजा दक्षिणेतल्या शेतकऱ्यानेंही वाहिला; त्या कंपनीनें बांधल्या नव्हत्या, सरकारनेंच बांधल्या होत्या. व्यापाऱ्यांची जुनी तक्रारही हीच. बंदराकडे जाणाऱ्या कच्च्या मालास व बंदरांतून येणाऱ्या विलायती मालास भाडें सवलतीचें, आणि देशांतल्या एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जाणाऱ्या मालास जबर, ही तऱ्हा कंपनीच्या लाईनींवर होती तशी सरकारी लाईनींवरही होती. मालकी बदलली तरी धोरण ठरविणारा बदलला नाहीं, तर दरपत्रक कां बदलावें ? म्हणूनच पुढें लोकपक्षानें नुसती सरकारी मालकी मागितली नाहीं. कायदेमंडळास जबाबदार अशी व्यवस्था मागितली. १९२०-२१ च्या ॲक्वर्थ कमिटींत सभासदांचे सारखे दोन तट पडले. पण अध्यक्ष ॲक्वर्थ व त्यांच्याबरोबर श्रीनिवास शास्त्री व पुरुषोत्तमदास ठाकुरदास सरकारी व्यवस्थेच्या बाजूनें होते. १९२४ सालीं रेल्वेचा जमाखर्च मुख्य अंदाजपत्रकापासून निराळा झाला, आणि १९२५ सालीं ईस्ट इंडियन व जी. आय. पी. या दोन्ही रेल्वे सरकारी व्यवस्थेखालीं आल्या.

याच ब्रिटिश साम्राज्याच्या दुसऱ्या वसाहतींत काय झालें, तेंही पाहण्यासारखें आहे. ऑस्ट्रेलियांत सिडनीच्या रेल्वे कंपनीचे पैसे संपले तेव्हां न्यू साउथ वेल्सच्या सरकारनें १८५५ सालीं ती लाईन आपल्या हातीं घेतली, व पुढें तेथें रेल्वे म्हणजे सरकारचेंच काम असा परिपाठ पडला. तेथें कर देणारा व मत देणारा एकच होता. तरी सरकारी शहाणपणासही मर्यादा असतेच : शेजारच्या व्हिक्टोरियानें निराळ्या मापाचे रूळ घातल्यामुळें सरहद्दीवर माल उतरून पुन्हां चढविण्याची पीडा त्यांनीं कित्येक पिढ्या सोसली. कॅनडानें १८८१ सालीं खाजगी कंपनीस अडीच कोटी डॉलर व अडीच कोटी एकर जमीन देऊन पॅसिफिक रेल्वे करविली. ही देणगी अवाढव्य होती खरी. पण ती आंकडा ठरवून, पार्लमेंटांत कडाक्याचा वाद होऊन दिली गेली. आमच्या हमीस ना आंकड्याची सीमा होती, ना वाद घालण्यास सभा.

आतां बंदरांकडे वळूं. मुंबईचा पूर्व किनारा साठ-पासष्ट सालच्या सुमारास बहुतेक खाजगी मालकांच्या हातीं होता. त्यांत एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी मुख्य. अमेरिकेंतील यादवीमुळें कापसास सोन्याचा भाव आला, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या भराभर निघाल्या, बॅकबेच्या शेअरांनीं लोकांस वेड लावलें. आणि १८६५ सालीं तो फुगा फुटतांच कित्येक घराण्यांची राखरांगोळी झाली. कंपन्या बुडाल्या तरी धक्के राहिले, आणि ज्याच्या हातीं धक्का त्याच्या हातीं शहराच्या व्यापाराची मान. १८६९ सालीं सुवेझचा कालवा उघडल्यावर ही अडचण असह्य झाली. तेव्हां सरकारनें एल्फिन्स्टन कंपनीची मिळकत पैसे मोजून घेतली, आणि १८७३ सालीं पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. ससून घराण्यानें १८७५ सालीं स्वतःच्या पैशानें कुलाब्यास गोदी बांधली. हें खरें खाजगी साहस, व त्याबद्दल त्या घराण्यास श्रेय दिलेंच पाहिजे. पण चारच वर्षांत तीही ट्रस्टनें विकत घेतली. त्यानंतर प्रिन्सेस डॉक १८८० सालीं, व्हिक्टोरिया डॉक १८८८ सालीं व अलेक्झांड्रा डॉक १९१४ सालीं ट्रस्टनेंच बांधल्या. ट्रस्टला भागीदार नव्हते, म्हणून डिव्हिडंड नव्हता; कर्जाचें व्याज भागून जें उरे तें बंदराच्याच कामीं लागे. ट्रस्टींत हिंदी व्यापाऱ्यांस दीर्घकाळ पुरेशी जागा नव्हती, हा दोष मोठा होता. परंतु संस्थेची घडण निर्दोष होती असेंच आम्ही म्हणूं.

कोणी म्हणेल, तुम्ही सरकारचे वकील झालां. तसें नाहीं. त्याच मुंबईंत, त्याच बॅकबेवर, १९२० नंतर सरकारच्या डेव्हलपमेंट खात्यानें समुद्र हटविण्याचें काम काढलें. या वेळीं कंपनी नव्हती. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचें खातें होतें. अंदाज दुपटीच्या घरांत गेले, ड्रेजरनें उपसलेला गाळ अपेक्षेप्रमाणें बसेना, आणि ठरविलेल्या जमिनीपैकीं निम्मीही पुरी झाली नाहीं. वकील नरिमन यांनीं हा कारभार चव्हाट्यावर आणला, तेव्हां खात्याच्या एका अधिकाऱ्यानें त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली. तींतून ते निर्दोष सुटले. हा सरकारी उधळेपणा कंपनीच्या उधळेपणाहून तिळमात्र कमी नव्हता, आणि त्याचें मूळही तेंच : खर्च करणारा एक, भरणारा दुसरा, व हिशेब विचारणारा गुन्हेगार !

गोमंतकाचा दाखलाही असाच आहे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानंतर मुरगांव बंदर व तेथून घाटावर कॅसल रॉकपर्यंतची लाईन बांधण्याचा मक्ता पोर्तुगीज सरकारनें इंग्रजी भांडवलाच्या कंपनीस दिला, आणि व्याजाची हमी आपल्या अंगावर घेतली. १८८८ पर्यंत काम झालें. घाटावरचा कापूस व धान्य मुरगांवीं लोटेल ही आशा मात्र त्या प्रमाणांत फळली नाहीं. १८९२ सालीं तहाची मुदत संपली. हमीचे पैसे मात्र वर्षानुवर्षें भरावे लागले. माल येवो न येवो, व्याज चुकत नाहीं, हा हमीचा स्वभावच आहे.

मग खाजगी भांडवलास जागाच नाहीं काय ? आहे. नेरळहून माथेरानास जाणारी छोटी गाडी पहा. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानें सुमारें सोळा लाख रुपये घालून ती १९०७ सालीं सुरू केली. बुडालें असतें तर त्यांचें बुडालें असतें. असें साहस करणाऱ्यास नफा मिळाला तर त्याचा हेवा कोणीं करूं नये. तो त्याचा हक्कच आहे. आमचा आक्षेप खाजगी भांडवलास नाहीं. दुसऱ्याच्या जिवावर उदार होणाऱ्या भांडवलास आहे.

स्वराज्य आल्यावर दोन्ही वाटांचा अनुभव आपण घेतला आहे. १९९० सालीं कोकण रेल्वेचें महामंडळ निघालें. त्यांत केंद्राचा ५१, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ व गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकीं ६ टक्के भाग. रोखे काढून पैसा उभारला, नव्वदांवर बोगदे खोदले, आणि २६ जानेवारी १९९८ रोजीं सबंध मार्ग खुला झाला. सरकारी संस्था मनावर घेईल तर काय करूं शकते याचा हा पुरावा. कर्जाचा भार पुढें जड गेला, हाही धडाच. उलट न्हावा-शेवा येथें १९८९ सालीं सरकारी बंदर झालें, १९९७ सालीं एक टर्मिनल तीस वर्षांच्या कराराने खाजगी कंपनीस दिलें गेलें, आणि २०२२ सालीं ट्रस्टचें स्वतःचें उरलेलें टर्मिनलही खाजगी चालकाकडे गेलें. तेथें मालाची चढउतार वाढली, हें नाकबूल करण्यांत अर्थ नाहीं. मात्र प्राधिकरण आतां जमीनमालक झालें आहे. आणि जमीनमालकाचें सारें सामर्थ्य त्याच्या भाडेपट्ट्याच्या शब्दांत असतें.

म्हणून वाढवणचे किंवा पुढें होणाऱ्या कोणत्याही बंदराचे व रेल्वेचे करार हातीं येतील तेव्हां वाचकांनीं चार कलमें शोधून पहावीं. माल कमी आला तर तूट कोण भरणार ? बांधकामाचा खर्च अंदाजाबाहेर गेला तर वाढीव रक्कम कोणाच्या अंगावर ? दर वाढविण्याचा अधिकार कोणास, आणि त्याविरुद्ध व्यापाऱ्यानें दाद कोठें मागावयाची ? मुदतीपूर्वीं करार मोडला तर कोणीं कोणास किती द्यावयाचें ? या चारही ठिकाणीं ‘सरकार’ हाच शब्द आढळला, तर तो १८४९ चाच करार नव्या कागदावर लिहिला आहे असें खुशाल समजावें. पांचवें कलम करारांत बहुधा असतच नाहीं, पण तें सर्वांत महत्त्वाचें : ज्यांचा किनारा जाणार त्या मच्छीमारांस काय मिळणार, व तें कोण देणार ? वाढवणच्या कोळ्यांचा विरोध हा विकासाचा द्वेष नव्हे. बोरघाटांत मेलेल्या मजुरांची नोंद कोणत्याच भागीदाराच्या हिशेबांत लागली नाहीं. तीच चूक किनाऱ्यावर पुन्हां होऊं नये, एवढाच त्याचा अर्थ आहे.

२०१७ सालापासून रेल्वेचें निराळें अंदाजपत्रकही उरलेलें नाहीं. तेव्हां हिशेब शोधण्याचे श्रम आतां लोकांसच अधिक करावे लागणार. १८४९ सालीं आपल्या पूर्वजांस करार वाचण्याचा अधिकारच नव्हता, म्हणून त्यांस दोष देतां येत नाहीं. आपल्यास कायदेमंडळ आहे, न्यायालय आहे, माहितीचा अधिकार आहे, व्यापारी मंडळ्या आहेत. इतकें असून करार न वाचतां आपण केवळ ‘सरकारी’ कीं ‘खाजगी’ या दोन शब्दांवर भांडत बसलों, तर पुढच्या पिढीनें आपल्यास दोष द्यावा, आणि तो आपण मुकाट्यानें ऐकावा, हेंच न्यायाचें होईल.